उल्हासकाका, हॉलिस आणि कार्पेटवरची जागा

अमेरिकेतल्या प्लेनोत घर घ्यायचं असेल तर एजंट गाठावा लागतो आणि मुलाबाळांचं लग्न ठरवायचं असेल तर उल्हास देवपुजारींना. गैरसमज नको, उल्हासकाका लग्नं जुळवत नाहीत. ते फक्त चौकशी करतात. समजा डेन्व्हरचं एक स्थळ सांगून आलंय. फोटो बरा आहे, नोकरी चांगली आहे, पण माणूस कसा आहे? तो तिथल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कसा वागतो, रूममेटशी भांडून घर सोडलं की नीट सोडलं, हे प्लेनोत बसून कसं कळणार? उल्हासकाकांना कळतं. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत त्यांचा एकतरी माणूस आहे. कोणी जुना सहकारी, कोणी नागपूरच्या कॉलेजातला मित्र, कोणी मावसबहिणीचा दीर. काका फोन उचलतात, आधी हवापाण्याचं बोलतात, मग हळूच विचारतात, "बरं, तो अमुक तुमच्याकडचाच ना?"

चौकशीत खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. चांगलं असेल तर चांगलं सांगायचं आणि वाईट असेल तर दोनदा खात्री करून मगच सांगायचं. आयुष्यभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळून ते निवृत्त झाले, पण हा दुसरा डेटाबेस काही सुटला नाही.

आता या माणसाची एकुलती एक मुलगी रुचा. तिच्या लग्नाच्या वेळी काकांनी किती फोन केले असतील याची कल्पना करा. हर्नडनचा नेने नावाचा मुलगा होता. काकांनी त्याच्या ऑफिसातून विचारलं, शेजाऱ्यांकडून विचारलं, तिथल्या मंडळाच्या खजिनदारालाही सोडलं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच: "फार शांत मुलगा." ते अगदी खरं होतं. तो इतका शांत होता की काही मनाविरुद्ध झालं की आठवडा आठवडा बायकोशी बोलायचाच नाही. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त फ्रिजचा. दीड वर्षाने रुचा दोन सुटकेसी घेऊन प्लेनोला परत आली. आता ती इथल्याच एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहते. लायसन्सवर अजून नेनेच आडनाव आहे, कारण ते बदलायचे फॉर्म भरायचा तिला कंटाळा येतो.

ती आईबाबांकडे फारशी येत नसे, पण रविवार मात्र चुकवत नसे. रविवार म्हणजे फुटबॉल, तोही अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा.

हे वेड बापलेकीनं मिळून लावून घेतलेलं. रुचा सहा वर्षांची असताना शाळेतून विचारत आली की आपली टीम कुठली. काकांना तोवर फक्त क्रिकेट ठाऊक. मग दोघं टीव्हीसमोर बसून हा खेळ शिकले. "चार बॉलांत दहा यार्ड काढायचे, नाही निघाले तर बॅटिंग दुसऱ्याची," असा काकांनी त्याचा अनुवाद केला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि पुढं काय करायचं हे जो दोन-तीन सेकंदांत ठरवतो तो. त्याच्यापुढं पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांना लाइन म्हणतात. त्यांचं काम एकच, क्वार्टरबॅकला कोणी आपटू नये हे बघायचं.

क्रिकेटमधली एक गोष्ट मात्र काकांनी जशीच्या तशी इकडे आणली. मॅच चालू असताना जागा बदलायची नाही. नागपुरात लहानपणी कोणी पाणी प्यायला उठलं आणि विकेट पडली तर त्याला घरभर बोलणी बसत. प्लेनोतही तोच कायदा. काका रिक्लायनरवर. सोफ्याच्या त्यांच्या बाजूच्या टोकाला रुचा. दुसऱ्या टोकाला श्रीराम, काकांचा पंचवीस वर्षांपासूनचा पुणेरी मित्र, जो टीम जिंकली तरी चुका काढतो. रुचाची आई शुभाकाकू एकदा किचनच्या स्टूलवर बसून वडे तळत असताना टचडाउन झाला, म्हणजे आपल्या गड्याने चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, तेव्हापासून त्यांची जागा कायमची स्टूलवर. "म्हणजे मी जन्मभर तळतच बसायचं का?" असं काकू दर सीझनला विचारतात आणि कोणी उत्तर देत नाही.

गेल्या वर्षभरात त्यात परीक्षितची भर पडली होती. नाशिकचा मुलगा, तिशी ओलांडलेला, व्हिसावर आलेला, मोजकं बोलणारा. सोफ्यावर मधली जागा मोकळी असूनही तो पहिल्याच दिवशी कार्पेटवर बसला, रुचाच्या पायाशी जी उशी होती तिच्याजवळ. त्या दिवशी टीम जिंकली. झालं, परीक्षितची जागा ठरली. "खाली काहून बसतं हे पोरगं?" असं काकांनी काकूंना एकदा विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "पाठ ताठ राहते म्हणे." आणि वडे उलटायला लागल्या.

तर नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बातमी आली. टीमने ट्रेड केला होता. आपला जुना क्वार्टरबॅक खांद्याला दुखापत होऊन बसला होता, म्हणून दोन वर्षांचे ड्राफ्टमधले पहिले हक्क, म्हणजे कॉलेजातून येणारी सगळ्यात चांगली पोरं आधी निवडायची संधी, दुसऱ्या टीमला देऊन टाकली. आणि त्याबदल्यात घेतला कोण? डेव्हन हॉलिस. वय चोवीस. उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या टीमने त्याला दोन सीझन खेळवून बाकावर बसवला होता.

वडे अजून पिठातही बुडले नव्हते आणि व्हॉट्सॲपवर तेल तापलं. श्रीरामने लिहिलं, "उत्तम! पोरगं घोड्यासारखं पळतं." काकांनी लिहिलं, "घोडा विकणाऱ्यानं का विकला?" आणि नुसतं लिहून थांबतील तर ते उल्हासकाका कसले? त्यांनी त्या थंड शहरात फोन लावला. तिथं त्यांचा जगन्नाथ नावाचा एक जुना मित्र डेंटिस्ट आहे, आणि त्याची रिसेप्शनिस्ट तिथल्या टीमची निस्सीम भक्त.

"जगन्नाथ, हे हॉलिस कसं पोरगं आहे रे?"

"स्थळ म्हणून विचारतोस की काय?" जगन्नाथ हसला. पण त्याने चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. मुलगा सज्जन आहे. दर मॅचला आईला घेऊन यायचा. "पण उल्हास, त्याची लाइन म्हणजे चाळण होती रे चाळण. बिचारा सारखा पाठीवर आपटायचा. शेवटी शेवटी तर चेंडू हातात आला की आधी मागे बघायचा."

काकांनी हे ऐकलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं ठेवलं.

रविवारी टीमला सुट्टी होती, पण चर्चेला सुट्टी कुठली? सगळे आपापल्या जागी बसले होते. दिवाळीतला उरलेला चिवडा फिरत होता. टीव्हीवर तज्ज्ञ भांडत होते आणि टीव्हीसमोर हे.

"चोवीस वर्षांचा आहे, अजून दहा वर्षं खेळेल," श्रीराम म्हणाला.

"मला पटतं श्रीरामकाका," परीक्षित खालून म्हणाला. "त्याला चान्सच मिळाला नाही तिकडे."

"तुम्ही पोरं भावनेत वाहून जाता," उल्हासकाका रिक्लायनरवरून पुढं झुकले. त्यांचा आवाज चौकशीच्या निकालाचा झाला. "मी इतकी वर्षं हेच करतो आहे बाबा. ज्यांच्या घरी दोन वर्षं राहिला त्यांनीच सोडला ना? त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. सोडलेल्यात काहीतरी खोट असतेच. उगाच कोणी सोडत नाही."

श्रीरामने चिवड्याची वाटी खाली ठेवली. काकूंनी गॅस बंद केला. काकांना तरी उमगलं नाही, ते तज्ज्ञांकडे बघत मान हलवत होते.

रुचा शांतपणे उठली. तिने उशी सोफ्यावर नीट ठेवली. "नोबडी आस्क्स व्हॉट द टीम डिड टू हिम, बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "ही वॉज ऑन हिज बॅक एव्हरी संडे, अँड यू वॉन्ट टू नो व्हॉट्स राँग विथ हिम."

"अगं, तू काहून एवढी चिडली? मी हॉलिसबद्दल—"

दार लागलं. बाहेर तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग काकांना समजलं की आपण काय बोललो.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. क्लिनिकमध्ये काम आहे, असा मेसेज काकूंना आला. रविवारी क्लिनिक बंद असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी तिला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा गाडीच्या इन्शुरन्सबद्दल बोलले. कोणाच्याही पोटातलं काढून घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोटातलं काढता येईना. हॉलिसला अजून नव्या टीमची भाषा शिकायची होती म्हणून त्या दिवशी राखीव खेळाडू खेळला आणि टीम सपाटून हरली. श्रीराम म्हणाला, "ती जागा रिकामी आहे ना, म्हणून." परीक्षित सोफ्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसला होता आणि अर्ध्यातच निघून गेला. काकांना वाटलं, पोरगं हरल्यामुळं उदास झालं.

पुढच्या शनिवारी सकाळी काका मागच्या अंगणात दाताळ्याने पाचोळा ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला. भारतातला नंबर.

"नमस्कार, देवपुजारीच बोलताय ना? मी नाशिकहून सरला गायधनी. तुमचा नंबर हर्नडनच्या माझ्या चुलतबहिणीने दिला. म्हणाली, प्लेनोतलं काहीही विचारायचं असेल तर यांनाच विचार, अगदी खरं सांगतात."

काका बऱ्याच दिवसांनी खुलले. दाताळं झाडाला टेकवून ते म्हणाले, "विचारा ना ताई. मुलगा की मुलगी?"

"मुलगी. म्हणजे आमच्या मुलानेच पसंत केलीय. तिला अजून नीट विचारलंसुद्धा नाही म्हणतो, पण मला काल सांगितलं. सारखा उदास वाटत होता, म्हणून मी खोदून विचारलं. फिजिओथेरपिस्ट आहे. रुचा नेने."

काका उभे होते ते पॅटिओच्या, म्हणजे मागच्या ओट्याच्या, पायरीवर बसले. परीक्षित गायधनी. नाशिक. कार्पेट. एवढ्या शहरांतल्या एवढ्या लोकांची माहिती ठेवणाऱ्या माणसाच्या पायाशी हे वर्षभर चाललं होतं आणि याला पत्ता नव्हता.

"मुलाने बजावलंय हं, कोणाला फोन करायचा नाही म्हणून," सरलाताई सांगत होत्या. "तो रविवारी तिथल्या कोणा उल्हासकाकांकडे मॅच बघायला जातो. खरं तर त्यांनाच विचारलं असतं, पण त्यांना तर अजिबात कळता कामा नये म्हणतो. का ते सांगत नाही. पण आईचा जीव राहतो का?"

"नाही राहत," काका कसेबसे म्हणाले.

"तुम्ही ओळखता का तिला?"

"ओळखतो. लहानपणापासून ओळखतो."

"मग बरंच झालं. स्पष्टच विचारते, राग मानू नका. पहिलं लग्न दीड वर्षात मोडलं म्हणे. आपल्याला ठाऊक नसतं, पण ज्यांच्या घरी राहिली त्यांना ठाऊक असणार ना? उगाच कोणी सोडत नाही. तिच्यात काही..."

काकांनी डोळे मिटले. त्यांचंच वाक्य नाशिकला जाऊन परत आलं होतं. त्यांना राग आला, पण तो या बाईवर नव्हता. चार गोड शब्द सांगून फोन ठेवता आला असता. तसे ते शब्द खोटेही नव्हते.

"ताई," ते म्हणाले, "मी चौकशा करण्यात म्हातारा झालो. हाच प्रश्न मीही विचारत आलो. पण तो चुकीचा आहे. तिच्यात काय होतं हे विचारू नका, त्या घरात तिच्या बाजूने कोण उभं होतं हे विचारा. कोणी नव्हतं. नवरा आठवडा आठवडा बोलायचा नाही. तरी दीड वर्ष तिनं एकटीनं किल्ला लढवला. परत आली ती रडत नाही आली, दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला गेली. पेशंट तिचं नाव काढतात. हसते मोठ्यांदा. चिडली तर आवाज खाली जातो, एवढं लक्षात ठेवा."

मग सरलाताई हळू आवाजात म्हणाल्या, "मी असं विचारायला नको होतं." आणि थोडं थांबून, "बरं, घरचे कसे आहेत? वडील?"

आता मात्र उल्हासकाकांची खरी परीक्षा होती. चौकशीत खोटं बोलायचं नाही.

"आई फार चांगली. वडील..." काकांनी घसा साफ केला. "वडील माणूस वाईट नाही. पण तोंडाला कुलूप नाही. स्वतःला फार जाणता समजतात. मुलीवर जीव आहे, पण तिच्यादेखतच नको ते बोलून बसले आणि आता माफी मागायला फोन करतात तर इन्शुरन्सचं बोलतात."

"तुम्हाला फारच आतलं ठाऊक आहे हो."

"ठाऊक असणारच. तो मीच. रुचाचा बाप. आणि तुमचा परीक्षित बसतो तो माझ्याच कार्पेटवर. ते उल्हासकाका मीच."

"अगंबाई!" एवढंच आलं. काकांना वाटलं, बाईंनी फोन ठेवला. आणि एकाएकी नाशिकहून हसू फुटलं, आधी दाबलेलं, मग इतकं मोकळं, की काकांनाही आवरेना. पायरीवर बसून हा गृहस्थ डोळे पुसत हसतोय हे किचनच्या खिडकीतून काकूंनी पाहिलं आणि त्या घाबरून बाहेर आल्या.

"तुमची चौकशी झाली हो," सरलाताई म्हणाल्या. "बाप स्वतःबद्दल एवढं खरं सांगतो तर मुलीबद्दलही खरंच सांगत असणार. फक्त एक करा. पोरांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांचं त्यांना बोलू दे."

"ताई, मी आत्ताच सांगितलं ना, तोंडाला कुलूप नाही म्हणून."

"मग लावा!"

काकूंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "पाठ ताठ राहते म्हणे," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

काकांनी तशीच गाडी काढली. रुचाने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता आणि काकांच्या केसांत पाचोळा.

"हॉलिसबद्दल मी चुकलो," काका दारातच म्हणाले.

"बाबा, इट्स ओके. इट्स जस्ट फुटबॉल."

"फुटबॉलचं नाही बोलत मी." पुढचं ठरवून आणलेलं सगळं ते विसरले. "तुझ्यात काही खोट नव्हती बाळा. कधीच नव्हती. माझं तोंड फुटो."

रुचाने कप शेल्फवर ठेवला, बापाच्या केसांतलं एक पान काढलं आणि ते हातात धरून राहिली. डोळे भरले होते. मग म्हणाली, "उद्या हॉलिस खेळणारे?"

"खेळणारे."

"मग आईला सांग, वडे जास्त कर."

त्या क्षणी परीक्षितचं नाव जिभेवर येऊन बसलं होतं. काकांनी ते गिळलं. इतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

रविवारी दुपारी बारा वाजता सगळे आपापल्या जागी होते. काकू स्टूलवर, श्रीराम टोकाला, रुचा तिच्या उशीपाशी. परीक्षित आला, तिला बघून दारातच थबकला, आणि मुकाट्याने कार्पेटवर बसला. हॉलिस मैदानात उतरला. पहिलाच पास त्याने सरळ समोरच्या टीमच्या हातात दिला.

"घ्या!" श्रीराम ओरडला. या ट्रेडचा सगळ्यात मोठा समर्थक तोच, पण पुणेरी माणूस. "दोन वर्षांचे हक्क पाण्यात! बोल उल्हास, तू म्हणालाच होतास!"

सगळ्यांनी रिक्लायनरकडे पाहिलं. रुचाने मात्र पाहिलं नाही, ती टीव्हीकडेच बघत राहिली.

"त्याच्याकडे काय बघतोस?" काका म्हणाले. "लाइनकडे बघ. डावीकडचा गडी झोपला होता का? दोन जण येऊन अंगावर पडल्यावर तो काय करणार? आधी त्याच्यापुढं नीट उभे राहा म्हणावं, मग बघा तो काय करतो ते."

रुचाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिने चिवड्याची वाटी बापाकडे सरकवली.

दुसऱ्या वेळी लाइन टिकली. हॉलिस मागे न बघता थांबला, आणि चेंडू असा सोडला की तो चाळीस यार्डांवर धावणाऱ्या गड्याच्या ओंजळीत जाऊन पडला. टचडाउन! श्रीराम चुका काढायला विसरला. काकूंनी झारा उंचावला. आरडाओरडा ओसरला तेव्हा काकांनी खाली पाहिलं. परीक्षित टीव्हीकडे बघत नव्हताच.

"परीक्षित," काका म्हणाले, "वर बस बाबा. सोफ्यावर. मधली जागा रिकामीच आहे."

काकूंनी झारा खाली घेतला.

"उल्हास, वेड लागलं का?" श्रीराम अर्धवट उठला. "आत्ता टचडाउन झालाय! जागा बदलायची नाही! तुझाच कायदा आहे हा!"

"माझा कायदा आहे, मीच मोडतो. पोराची पाठ दुखेल."

परीक्षितचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे, काकू कढईत बघत होत्या, आणि शेवटी रुचाकडे. रुचा बापाकडे बघत होती, डोळे बारीक करून, सगळं ओळखल्यासारखी. काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. गालही फुगले होते.

"बाबा," ती म्हणाली, "व्हू कॉल्ड यू?"

काका मुकाट. जन्मात पहिल्यांदा.

रुचा हसली, मोठ्यांदा, तिच्या खऱ्या हसण्याने, आणि उशी उचलून थोडी सरकली. परीक्षित उठून तिच्या शेजारी बसला.

त्यानंतर टीमला एक म्हणून गुण मिळाला नाही. तीन गुणांनी हरली. शेवटच्या मिनिटाला श्रीराम कपाळाला हात लावून म्हणाला, "सांगत होतो! जागा हलवली, मॅच गेली. पुढच्या रविवारी तरी याला खाली बसव रे बाबा."

उल्हासकाकांनी सोफ्याकडे पाहिलं. मॅच संपली होती तरी ती दोघं उठली नव्हती. रुचा त्याला हातवारे करून सांगत होती की लाइनने कुठं चूक केली.

"नाही," काका म्हणाले. "अख्खा सीझन हरलो तरी चालेल. आता ह्याच जागा."